ॲसिडिटीची गोळी आणि सूर्य छापलेली बाटली

हळद नवरदेवाच्या गालाला लावायची असते. मी ती त्याच्या डोळ्यात घातली.

तेवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण हात मागे घेताना वाटीला धक्का बसला आणि उरलेली हळद नवरदेवाच्या मामाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर गेली. पोरगा डोळा चोळत "आई गं" करतोय, मामा स्वतःच्या छातीकडे बघतोय, लग्नविधीची गाणी म्हणणारी धवलारीण गाणं अर्ध्यावर सोडून माझ्याकडे बघतेय, आणि मी रिकामी वाटी घेऊन मांडवाच्या मधोमध उभा. वाटी थरथरत होती. म्हणून मी ती दोन्ही हातांनी धरली, तर दोन्ही हात थरथरायला लागले.

नवरदेवाचा बाप, म्हणजे ओवे गावचे शेठ, माझ्या कानाशी आले. आमच्या द्रोणागिरीच्या गोदामाला ट्रेलर पुरवणारे हे गृहस्थ. कामावरून आमची भांडणं आणि भांडणांवरून दोस्ती. "साहेब," ते हळूच म्हणाले, "तुमी घेता हे आमाला म्हाईतच नवतं."

"मी घेत नाही हो!"

"नाय नाय, ऱ्हाऊ द्या. हळदीत सगळे घेतात. जास्ती झाली एवढंच."

आयुष्यात मी ताकाच्या पुढे गेलेलो नाही. ऑफिसच्या पार्टीत माझ्या हातात नारळपाणी बघून लोकांनी माझी इतकी वर्षं टिंगल केली, आणि बदनाम व्हायचा मुहूर्त लागला तो भरदुपारच्या हळदीत, तोही एक थेंब न पिता. मला एका खुर्चीवर बसवण्यात आलं. एकाने लिंबू पिळून दिलं. दुसऱ्याने "लिंबानं नाय उतरत, कडक काळा चहा द्या" म्हणून तोही आणला. तिसरा म्हणाला, डोक्यावर पाणी ओता. मला दरदरून घाम फुटला होता, छाती धडधडत होती, आणि खुर्चीवर बसूनही पाय आपला आपण नाचत होता. बेंजोवाल्यांना वाटलं मला नाचायचंय. त्यांनी ठेका वाढवला.

आता हे का झालं ते सांगतो, म्हणजे निदान तुम्ही तरी मला दारुडा समजणार नाही. मूर्ख समजलात तरी माझी हरकत नाही.

त्याआधी काही महिने माझं मन ठिकाणावर नव्हतं. संध्याकाळी सुकापूरला बिल्डिंगखाली स्कूटर लावायचो आणि वर न जाता तिथेच बसून राहायचो. का, ते विचारू नका. मलाच कळत नव्हतं. घरी दुःखाचं काही कारण नाही, पोरगी शिकतेय, हप्ते चाललेत, आणि मी पार्किंगमध्ये पाण्याच्या टाकीकडे बघत बसलोय. वॉचमनला वाटायचं मी त्याच्यावर पाळत ठेवतो. शेवटी बायकोने हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी एक छोटी पांढरी गोळी दिली, रोज सकाळी एक, आणि बजावलं की फरक पडायला काही आठवडे लागतील.

गोळी सुरू झाली, पण तिचं नाव कसं घ्यायचं? आपल्याकडे शुगरची गोळी लोक जेवणाच्या पंगतीत दाखवून खातात, बीपीची गोळी अभिमानाने खातात. मनाची गोळी म्हटली की समोरचा माणूस आवाज खाली आणतो आणि तुमच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागतो. म्हणून मी तिचं नाव ठेवलं ॲसिडिटीची गोळी. बायकोला हे पटलं नव्हतं. "ॲसिडिटी काय, उद्या नायटा म्हणाल," ती म्हणाली होती. पण तिने कुणाला सांगितलं नाही.

त्याच सुमारास अमेरिकेतला माझा मेहुणा आला. अमेरिकेतून येणारा माणूस बॅग उघडतो तेव्हा आमच्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादासारखी गर्दी होते. बदाम, चॉकलेटं, गुडघ्यांची कॅप्सूल, केसांची कॅप्सूल. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून बाटली दिली जाते. माझं तोंड बघून त्याने मला जी बाटली दिली तिच्यावर उगवता सूर्य होता.

"भावोजी, ही मूडसाठी. फाइव्ह-एचटीपी. औषध नाही हं! अमिनो ॲसिड आहे. दुधात, केळ्यात जे असतं ना, त्यापासूनच शरीर हे बनवतं. एकदम नॅचरल. आमच्याकडे ऑफिसमध्ये सगळे घेतात."

त्याला माझ्या गोळीचं माहीत नव्हतं. त्याच्या लेखी मला ॲसिडिटी होती. आणि मी? मला तर वाटलं, सुटलो! मनाला बरं वाटण्याची वस्तू आणि नाव ठेवायचंही काम नाही. दुधातली, केळ्यातली. हळूहळू हिच्यावर यायचं आणि एक दिवस बायकोला सांगायचं, बघ, नव्हतीच लागत ती गोळी. बायकोने विचारू नये म्हणून बाटली द्रोणागिरीला ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. सकाळी घरी पांढरी गोळी, दुपारी डब्यानंतर सूर्य.

इथे माझा धंदा सांगायलाच हवा, कारण त्याशिवाय माझ्या अकलेची पूर्ण उंची लक्षात येणार नाही. मी गोदामात धोकादायक मालाची कागदपत्रं तपासतो. कुठलं रसायन कुठल्या रसायनाशेजारी एका कंटेनरमध्ये भरायचं नाही, हे बघण्याचा मला पगार मिळतो. ड्रमवरची मुंगीएवढी अक्षरं मी भिंग लावून वाचतो. "साहेब, दोन्ही माल साधेच हायेत," असं शेठच्या ड्रायव्हरांनी कितीदा सांगितलं आणि कितीदा मी त्यांना सुनावलं, "साधे वेगवेगळे. एकत्र नाही." असा हा मी. त्या बाटलीची पुढची बाजू बघितली, सूर्य बघितला, आणि झाकण उघडलं.

हळदीच्या दिवशी तर मी आदल्या दिवशी ऑफिसातून खिशात घालून आणलेल्या कॅप्सूल घेतल्या, एकाऐवजी दोन. गर्दीत जायचं, हसायचं, बोलायचं, जरा जास्त मूड लागेल असा हिशेब. सकाळपासून पोटही बिघडलं होतं. म्हटलं, कालचं श्रीखंड.

तर मांडवात खुर्चीवर मी असा नाचत बसलेलो असताना बायको बायकांच्या घोळक्यातून आली. तिने आधी माझ्या तोंडाचा वास घेतला, सगळ्यांसमोर. मग कपाळाला हात लावला.

"हे प्यालेले नाहीत," ती शेठना म्हणाली. "गाडी काढा."

बिचारे शेठ! पोराची हळद सोडून त्यांनी मला खारघरच्या एका लहानशा हॉस्पिटलात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नाडी बघितली, ताप बघितला, आणि गुडघ्यावर ती छोटी हातोडी हलकेच मारली. माझा पाय असा उडाला की समोर उभे असलेले शेठ मागे सरकले.

"कुठली औषधं चालू आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी शेठकडे बघितलं. उद्या ह्यांचे ट्रेलर आमच्या गेटवर, ह्यांचे ड्रायव्हर, आमचे क्लार्क, सगळ्यांच्या चहात मी बुडवला जाणार. छाती फुटेल अशी धडधडत होती आणि मला काळजी कसली, तर चहाच्या टपरीची.

"ॲसिडिटीची," मी म्हणालो.

"डिप्रेशनची," बायको म्हणाली. मोठ्याने. आणि पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी पट्टीवरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा एकदम सावध झाला. "ह्याबरोबर अजून काही घेता? खोकल्याचं औषध, आयुर्वेदिक, सप्लिमेंट, काहीही?"

"काही नाही," बायको ठामपणे म्हणाली. तिच्या माहितीप्रमाणे ते खरंच होतं.

आता फक्त मला माहीत होतं. गप्प बसलो असतो तर बायको खोटी पडली नसती, आणि माझं काय झालं असतं ते देवाला ठाऊक. हाताकडे बघितलं. तो पलंगाच्या कडेवर टकटक वाजत होता.

"एक अमिनो ॲसिड आहे," मी म्हणालो. "केळ्यातलं."

मग जे काही झालं ते भराभर. सलाईन, छातीला वायरी. डॉक्टरीणबाई समजावत होत्या. मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं. डॉक्टरांची गोळी ते टिकवून धरते आणि ही कॅप्सूल ते आणखी बनवते. दोन्ही मिळून ते प्रमाणाबाहेर वाढतं. मग घाम, थरथर, जुलाब, ताप, आणि वेळेत नाही कळलं तर जीवावरही बेततं. "तुम्ही लवकर आलात," त्या म्हणाल्या. ही कॅप्सूल एकटी घेऊन काहींना बरं वाटतं म्हणतात, पण तसा भक्कम पुरावा थोडाच, आणि औषधाची होते तशी ह्या बाटल्यांची तपासणी होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. "आणि नॅचरल म्हणाल तर धोतराही नॅचरलच आहे. बाटलीवर लिहिलेलं असतं हो, डिप्रेशनचं औषध चालू असेल तर घेऊ नका म्हणून."

लिहिलेलं होतं. नंतर ऑफिसात भिंग लावून वाचलं. मागच्या बाजूला, मुंगीएवढं.

शेठ इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. ते जवळ आले.

"म्हंजे साहेब," ते म्हणाले, "दोन माल एका कंटेनरला भरले तुमी?"

मी मान डोलावली.

"आनि आमच्या पोरांची गाडी गेटवरून परत धाडता?"

एवढं बोलून ते हसत पोराच्या हळदीला परत गेले. जाताना बायकोला सांगून गेले की वहिनी, जेवण इथंच पाठवतो.

एक दिवस मला तिथे ठेवलं. थरथर ओसरली. माझ्या नेहमीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून डॉक्टरीणबाईंनी पांढरी गोळी काही दिवस थांबवली आणि नंतर पुन्हा सुरू केली. मी मात्र आपल्या मनाने काहीही थांबवायचं नाही नि काहीही सुरू करायचं नाही, असं चारचारदा बजावलं. मेहुण्याचा फोन आला. "भावोजी, पण ॲसिडिटीच्या गोळीबरोबर असं व्हायला नको होतं," तो म्हणत राहिला. मी त्याला खरं सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, "मला सांगायचं तरी."

घरी आल्यावर बायकोने पट्टी पर्समधून काढली आणि डायनिंग टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

"इथेच राहील," ती म्हणाली. "पाहुणे आले तरी. कुणी विचारलं तर नाव नीट सांगायचं. आणि खरोखरची ॲसिडिटी झाली, तर तिची गोळी कशाची म्हणून सांगणार, ते आत्ताच ठरवून ठेवा."