विहिरीत उतरायचा अंगरखा

धोंडबा हाडाचा विणकर. माग थांबल्यापासून विहिरीत बुडी मारून अडकलेले पंप सोडवायचा. मागच्या पौषात कुही गावच्या विहिरीतून वर आला तो दातखीळ बसूनच. परवा पुन्हा त्याच विहिरीत उतरायचं होतं, म्हणून पाणी आत न शिरणारा, मानेपासून पायापर्यंतचा अंगरखा करायचा होता. ट्रकच्या ट्यूबचं रबर मिळत होतं. पण ज्याला ना उभा ताणा ना आडवा बाणा, त्याचा भरवसा विणकर कसा धरणार? त्याने आपल्या मागाचं कोरं जाड कापड चार खुंट्यांना बांधून वर तांब्याभर पाणी ओतलं. थेंब गळला नाही.

"पाह्य वं, याले म्हणते विणणं!"

त्याच्या बायकोने, रुख्माबाईने, कापड चिमटीत चोळून पाहिलं. "काहून जी, याची खळ काढली का?"

सुताला पाजलेली भाताची खळच छिद्रं बुजवून बसली होती. धोंडबाने कापड ऊन पाण्यात धुतलं, आणि दुसरा तांब्या चाळणीतून गळावा तसा त्याच्या पायांवर आला.

शेवटी रबरच पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवून अंगरखा केला. रुख्माबाईने नवऱ्याला अंगणातल्या हौदात गळ्यापर्यंत बसवलं, मग आत हात घालून बनियन चाचपली.

"कोरडी हाय. पण बसा अजून."

"किती वेळ वं?"

"विहिरीत लागते तितका."