पंखावरची धानाची पोती

फ्लाइंग क्लबच्या पोरांना शिकायला दोन सीटचं हलकं विमान चंद्रपुरातच बनवायचं, हे आमच्या छोट्या कारखान्यानं ठरवलं, तेव्हा लोक हसले. मी नाही हसलो. पंखाचं काम माझ्याकडे होतं आणि ते मला येतं.

पंखाची परीक्षा सोपी असते. पंख उलटा ठेवायचा आणि त्यावर वजन रचायचं. हवा जेवढा जोर लावेल त्याहून जास्त. सगळीकडे रेतीची पोती वापरतात. मी म्हटलं, रेती ओली आहे, वाळली की वजन घटेल. त्यापेक्षा माझ्या शेतातलं धान आणतो. कापणी, मळणी नुकतीच झाली होती. एकेक पोतं तोलून त्यावर रंगानं आकडा लिहिला. पंख तयार व्हायला पुढे महिना गेला. मग पोती रचली, पंख टिकला आणि मी ऐटीत सही ठोकली.

पोती उतरवताना बल्लारपूरच्या पेपर मिलमधून निवृत्त झालेले आमचे फिटर थांबले. "साहेब, हे पोतं हलकं लागून राह्यलं."

"आकडा बघा की, भाऊ."

"आकडा कापणीचा हाय. धान वाळलं ना जी."

माझ्या सात पिढ्या धानात गेल्या आणि हे मला दुसऱ्यानं सांगावं! आधी त्यांचाच राग आला. मग पोतं काट्यावर ठेवलं आणि तोंड उतरलं. पंखानं कागदावरचं वजन पेललंच नव्हतं.

विमान पहिल्यांदा उडवणार होती क्लबची प्रशिक्षक, भद्रावतीची. तेही दुसऱ्याच दिवशी. मी जाऊन तिला सगळं सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं.

तिनं विचारलं, "तुमी बसले असते का जी त्याच्यात?"

"काल बसलो असतो. आज नाही."

"मंग मी बी आज नाई बसत."

आम्ही प्रत्येक पोतं पुन्हा तोललं, जुने आकडे खोडले, कमी पडली तेवढी पोती वाढवली. पंख वाकला, करकरला. माझा जीव टांगणीला. पोती उतरवली तसा तो पुन्हा सरळ झाला, कुठे चीर नाही.

चार दिवसांनी तिनं एकटीनं विमान नेलं, फिरवलं, अलगद उतरवलं. खाली न उतरताच बाजूच्या सीटवर थाप मारली. "बसा, साहेब."

मी बसलो. पट्टा आवळून बांधला.