शिंदखेड्याचा जर्मन कॅमेरा

जुने जर्मन घडीचे कॅमेरे पारखण्यात जळगाव-धुळ्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. काचेच्या प्लेटवर फोटो काढणारे, पेटी उघडली की चामड्याचा भाता पुढे सरकणारे हे कॅमेरे. भाता बल्बसमोर धरायचा. उजेड झिरपला की भाव निम्मा. प्लेटांच्या मूळ चौकटी हरवल्या असतील तर आणखी खाली. लेन्सवरचा नंबर मी आधी वहीत उतरवायचो, मग पैशाचं बोलायचो.

नव्वदच्या आसपास शिंदखेड्यात एका दिवंगत फोटोग्राफरच्या घरी असाच एक सापडला. भाता धड, चौकटी सहाच्या सहा. पण दसऱ्याला लोक हत्यारं पुजतात, तसा त्या घरी कॅमेरा पुजत. वर्षानुवर्षांचं हळदकुंकू कातड्याच्या कडांना आणि स्क्रूंच्या खाचांत घट्ट बसलं होतं. मला आयतंच निमित्त मिळालं.

"अक्का, कुंकवानं भाव पडतो," असं फोटोग्राफरच्या बायकोला सांगून मी किंमत पाडली. त्यांनी घासाघीस केली नाही. एवढंच म्हणाल्या, "दसराले मी पूजा कराले येसू. नही म्हनू नको, भाऊ."

मी हो म्हणालो. म्हणायला काय जातं?

जळगावला घरी आल्यावर काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिट लावून मी आठ दिवस खाचन्‌खाच साफ केली. मुंबईच्या एका संग्राहकानं नुसता फोटो पाहून मी दिले त्याच्या तिप्पट कबूल केले. दिवाळीत तो कॅमेरा न्यायला येणार होता. मी स्वतःवर जाम खूश होतो.

दसऱ्याच्या सकाळी सुरत लाइनच्या पॅसेंजरनं अक्का खरंच आल्या. पिशवीत ताट, झेंडूची फुलं. मी कॅमेरा पुढे ठेवला. त्यांनी कडेवरून, स्क्रूंवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

"हाऊ आमना नही शे."

मी वही काढली. वहीतला नंबर दाखवला, लेन्सवरचा दाखवला. एकच होता.

"आकडा मी कधी देखा नही, भाऊ," त्या म्हणाल्या. मग त्यांचा कॅमेरा मी विकला असं धरून, मलाच सांभाळून घेतल्यासारखं हळू आवाजात, "विकी टाका व्हई ते सांगी दे. माले राग नही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. साऱ्या खान्देशाला खरंखोटं सांगणारा मी, पण खरा कॅमेरा खरा आहे हे त्या एका बाईला पटवू शकलो नाही. त्या पूजा न करताच दुपारच्या गाडीनं परत गेल्या.

मुंबईवाल्याला मी नकार कळवला. पुढच्या दसऱ्याला कॅमेरा घेऊन स्वतः शिंदखेड्याला गेलो. अक्कांनी चहा दिला. पाहुण्याच्या वस्तूला लावावं तसं कॅमेऱ्याला कुंकू लावलं, फूल वाहिलं. मी निघताना दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "आमना कोठे गया, काही समजनं का, भाऊ?"