कावळ्याला हाकलायची रीत

पापाला पक्षाघात झाला आणि त्याची वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, सराव करून घ्या, शब्द येतील. मी भाईंदरच्या एका बालवाडीत बाई; सराव करून घेण्यात माझा हात कोण धरणार! पालीच्या आमच्या कोळीवाड्यातून त्याला माझ्या फ्लॅटवर आणलं आणि वर्गातली चित्रांची कार्डं काढली.

वर्गात माझा खाक्या ठरलेला. गुजराती पोराचा कोंबडा ‘कूकडे कूक’ करतो, हिंदीवाल्याचा ‘कुकडू कू’, मराठी पोरीचा ‘कुकूच कू’. तिघांनाही गप्प करून मी पुस्तकातलं ‘कॉक-अ-डूडल-डू’ म्हणायला लावते. पापालाही तेच. गाईचं चित्र दाखवून, “म्हण, मूऽऽ!” आयुष्यभर दर्यावर गेलेला माणूस माझ्याकडे बघायचा आणि मान फिरवायचा. असे दोन महिने गेले. मी त्याच्यावर चिडायचे आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. आता त्याचा आवाज कधीच ऐकू येणार नाही, या भीतीने झोप उडाली होती.

एका रविवारी गॅलरीत सुपात बोंबील वाळत घातले होते. कावळा आला. पापाला सांभाळणारी उत्तर प्रदेशची बाई ओरडली, “हट् हट्!” शेजारच्या गॅलरीतून गुजराती बेन मदतीला धावल्या, “हुश हुश!” कावळा ढिम्म. मग मी टाळ्या वाजवत पुढे झाले, “शुक शुक!”

“हाऽऽऽ हा!”

कावळा उडाला. वळून बघते तर खुर्चीत पापाचा डावा हात वर आणि चेहऱ्यावर निव्वळ संताप. लहानपणी त्याला वाळत्या मासळीच्या राखणीला बसवायचे. आमच्यात जनावरागणिक हाळी वेगळी, चुकली की पोरांना ओरडा बसायचा. आणि त्याच्या देखत मी कावळ्याला मांजरासारखं हाकलत होते!

कार्डं गेली खड्ड्यात. मी त्याच्यासमोर बसले. “पापा, आन मांजरीला?”

तो घुटमळला. “शु...क.”

“कोंबरीला?”

“खुर्र!”

बेन कठड्यावर ओणवल्या. “अंकल, हमारे में कुत्ते को हड् हड् बोलते हैं.”

पापाने नापसंतीने मान हलवली. “हाड!”

पाऊण तास आम्ही गावभरची जनावरं हाकलली. मग मी दमून भिंतीला टेकले. पापा माझ्याकडे बघत राहिला. त्याने ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. मला वाटलं, आणखी एखादं जनावर आठवलं असेल.

“बाय,” तो म्हणाला. लेकीला आमच्यात बाय म्हणतात. “बाय... च्या.”

मी धावत जाऊन चहा टाकला. डोळ्यांना धारा लागलेल्या, समोरचं धड दिसत नव्हतं. कप त्याच्या ओठांना लावला. त्याने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“साखर न्हाय.”