कॅल्शियमच्या बाटलीतल्या कॅप्सूल

लाइनवरच्या बाया तिला मिरची म्हणतात. कपड्यांच्या कारखान्यात ती ओव्हरलॉकच्या मशीनवर बसते, दिवसभर पँटच्या कडा शिवते. सुपरवायझर घड्याळ घेऊन मागे उभा राहिला की म्हणते, "साहेब, मशीन माझ्या हातानं चालतं, तुमच्या डोळ्यांनी नाही." अशी तोंडाची तिखट बाई दोन वर्षं खाजेनं हैराण होती, अंगावर पांढरं जात होतं, आणि घरात चकार शब्द नाही. खांदा दुखला असता तर अख्ख्या गल्लीला कळलं असतं. हिच्या दुखण्यानं जागा चुकीची निवडली, दुसरं काय!

मेडिकलवाला न बघताच मलम द्यायचा. चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. शेजारणीनं अक्कल शिकवली, फिनेल पाण्यात टाकून धू. धुतलं, आणि आगीत बसल्यासारखी बसली मशीनवर. शेवटी शेजारच्या मशीनवर बसणारी मीच तिला दंडाला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी तपासलं, नमुना प्रयोगशाळेत पाठवला, रिपोर्ट पाहिला आणि बोरिक अॅसिडच्या चौदा कॅप्सूल लिहून दिल्या. "रोज रात्री एक, योनीत ठेवायची. तोंडानं कधीच नाही, पोटात गेलं तर विष आहे. दिवस राहिले असतील तर हातही लावायचा नाही. चौदा झाल्या की मला दाखव, मग परत होऊ नये म्हणून काय करायचं ते मी सांगेन."

मिरचीनं मान डोलावली आणि घरी जाऊन गाढवपणा केला. पाकिटावर 'योनिमार्गासाठी' असं छापलं होतं. नवऱ्यानं वाचलं तर? तिनं पाकीट फाडून फेकलं आणि कॅप्सूल सासूच्या कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. म्हणे, तिथं कोण बघतंय!

चौथ्या दिवशी सकाळी ती डबा भरत होती. सासूबाई गुडघे चोळत म्हणाल्या, "नवी बाटली आणलीस ते सांगायचं तरी. घेतल्या दोन."

मिरची बाटली घेऊन तशीच धावली. सासू, नवरा, रिक्षा, सरकारी दवाखाना. पलंगावर सासूबाई ओकत होत्या. ड्युटीवरच्या डॉक्टरनं विचारलं, "काय होतं यात?"

"बोरिक अॅसिड."

नवरा उसळला. "झुरळं मारायची पावडर? माझ्या आईला?"

"मला वाटलंच होतं!" सासू दोन उलट्यांच्या मधून ओरडली. "घातलं गं मला हिनं विष!"

शेजारच्या पलंगांवरचे नातेवाईक माना वळवून बघायला लागले. डॉक्टर म्हणाला, "झुरळांचं औषध कॅप्सूलमध्ये कोण भरतं? कुणी दिलं? किती ताकदीची? पटकन बोला, वेळ नाही."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. मग डॉक्टरकडे.

"सहाशे मिलिग्रॅमची एक. सात वाजता दोन घेतल्या. माझ्या आहेत त्या. योनीत ठेवायच्या. मला सारखं इन्फेक्शन होतं, डॉक्टरीणबाईंनी दिल्यात."

डॉक्टरनं ते पाय मुरगळल्याइतक्या सहज लिहून घेतलं आणि सलाइन लावायला सांगितलं. अख्ख्या वॉर्डात कान टवकारले नव्हते ते फक्त त्यानंच.

नवरा दात खाऊन म्हणाला, "चारचौघांत बोलायला लाज नाही वाटली?"

"लाज वाटली म्हणूनच बाटली बदलली. त्या लाजेपायी तुमची आई पलंगावर आहे."

दुपारी मी पोचले आणि तिला सोडलं नाही. औषधाचं पाकीट फाडतात का, अकलेच्या कांद्या? पण रागाचा मोठा वाटा मी तिच्या नवऱ्यासाठी राखून ठेवला होता. बायको दोन वर्षं कूस बदलत तळमळते आणि याला कळतं ते फक्त झुरळांचं.

दोन दिवस रक्त, लघवी तपासत ठेवून सासूबाईंना घरी सोडलं. जाताना मुलाला म्हणाल्या, "हिच्या हातचं पाणीसुद्धा नको मला." नवऱ्यानं बाटली कचऱ्याच्या डब्यावर धरली. मिरचीनं ती हिसकावली, नर्सकडून चिकटपट्टी मागून वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: विष, तोंडानं घेऊ नये.

"नऊ उरल्यात, मला अजून अकरा लागतात," ती नवऱ्याला म्हणाली. "वाटेत मेडिकलमध्ये थांबा. आणि मागताना नीट ऐकू जाईल असं मागा."

तो आईला घेऊन पुढे निघून गेला. दुकानात चार पुरुष उभे होते. मिरचीनं काउंटरवर चिठ्ठी ठेवली आणि औषधाचं नाव घेतलं. मेडिकलवाला मलम काढायला वळला.

"मलम नाही," ती म्हणाली, "योनीत ठेवायच्या कॅप्सूल. बहिरे आहात का?"