सीटखालचा कॉम्प्युटर

शाळेच्या मुलांनी भरलेली गाडी पुलाच्या मध्यावर बंद पडली की सुरुवातीला मुलांना फार मजा वाटते. मग कुणाला तरी शू लागते, मागून हॉर्न वाजायला लागतात आणि स्कूटरवरचा एखादा गृहस्थ मान वळवून गुजरातीत म्हणतो, "लेडीज छे ने, एटले." बाई चालवतेय ना, म्हणून. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या आणि अकोट्याच्या पुलावर हे माझ्या वाट्याला पुन्हापुन्हा यायला लागलं. मी तोंडाने फटकळ, पण मागे एवढी पोरं बसलेली असताना कुणाला काय बोलणार?

व्हॅन माझी होती. जुनीच घेतलेली, पण कॉम्प्युटरवाली. म्हणजे इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं आणि ठिणगी कधी पाडायची ते सीटखालचा एक डबा ठरवतो. आधी मुलांची ने-आण हा माझा जोडधंदा होता. माझे यजमान सावली गावाच्या बाजूला एका कारखान्यात मीटर तपासायच्या, दुरुस्त करायच्या खात्यात होते. त्यांना मी आयुष्यभर 'हे'च म्हणत आले, इथेही तसंच म्हणते. तो कारखाना बंद पडला आणि घर व्हॅनवर चालायला लागलं. कारखाना बंद पडला असं मात्र आमच्याकडे कुणी म्हणायचं नाही. सासूबाई शेजारच्या मासींना सांगत, "त्याला हल्ली रजा आहे." हे रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत पेपर वाचत बसत, आणि त्यांना काही विचारायची माझी छाती होत नसे.

गाडी का बंद पडते ते गॅरेजवाल्याला कळेना. त्याने प्लग बदलले, पंप बदलला, मग कुठलासा सेन्सर बदलला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! थोडा वेळ थांबलं की गाडी आपली आपण चालू व्हायची, आणि गॅरेजात नेली की अगदी गुणी बाळ. शेवटी तो म्हणाला, "बेन, मने तो कॉम्प्युटर गयेलुं लागे छे. पण गॅरंटी नथी." नव्या कॉम्प्युटरची किंमत ऐकून मी तिथल्या टायरवर बसलेच. इकडे पालक कुरकुरायला लागले होते. त्यांनी मुलं काढून घेतली असती तर आमच्या घरात दुसरा कमावता हात नव्हता. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

रात्री जेवताना मी हे सगळं सांगितलं, ह्यांच्याकडे न बघता. हे म्हणाले, "डबा काढून आण. बघतो मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून हे बसले. कारखाना सुटल्यापासून त्यांची हत्यारांची पेटी पहिल्यांदाच उघडली होती, आणि खरं सांगायचं तर कॉम्प्युटरपेक्षा मला त्याचाच आनंद जास्त झाला. झाकणाचे स्क्रू काढून त्यांनी आत बघितलं आणि बघतच राहिले. आतल्या पट्टीवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलं होतं आणि एका कोपऱ्यात पिवळा ओघळ वाळलेला होता. त्यांनी त्याला बोट लावलं, वास घेतला.

"हळद आहे," ते म्हणाले.

आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रपूजा असते. पूर्वजांची संस्थानच्या नोकरीतली तलवार, तिच्या शेजारी ह्यांचे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर, माझी विळी, आणि खाली दारात व्हॅन. एरवी व्हॅन ओल्या फडक्याने पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा की झालं. त्या वर्षी ह्यांना वेळच वेळ होता. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं सकाळपासून पाइप लावून त्यांनी गाडी आतून-बाहेरून धुतली, सीटखालीसुद्धा. सासूबाईंनी पूजेचं उरलेलं हळदीचं पाणी तांब्याने दिलं, तेही आतच ओतलं. "कशी चोखी दिसते ने गाडी!" असं सासूबाई म्हणाल्या होत्या. मीही मान डोलावली होती.

"कारखान्यात मीटरपाशी कुणी पाण्याची बादली ठेवली तरी मी झापायचो," हे म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. माझ्या जिभेवर पुष्कळ काही आलं, पण मी चहा टाकायला उठले.

स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन त्यांनी ती पट्टी घासली, तडकलेले जोड पुन्हा डाग देऊन जोडले. त्यात दोन दुपारी गेल्या. मधूनच "चहा!" अशी पूर्वीसारखी हाक यायची, आणि स्वयंपाकघरात माझे डोळे भरून यायचे. डबा परत बसवला आणि गाडी सुरू झाली. हे एकटेच ती सावलीच्या रस्त्याला नेऊन आले, पुन्हा नेली, भर उन्हात नेली. एकदाही बंद पडली नाही. मी घरोघरी फोन केले, सोमवारपासून येते.

रविवारी संध्याकाळी ह्यांनी गाडीची किल्ली खिळ्यावरून काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"मुलं घेऊन जायचं नाही ह्या डब्याच्या भरवशावर."

"अहो, पण चालतेय ने?"

"चालतेय. पण का चालतेय ते मला माहीत नाही. मी चार ठिकाणी हात लावला. त्यातलं कशाने बरं झालं, की मुळात बरं झालंच नाही, मला सांगता येत नाही."

"गॅरेजवाल्याला तरी कुठे सांगता येतं?"

"त्याला येत नाही म्हणून मीही गप्प बसू?"

मग माझा तोल गेला. आधी धुऊन वाट लावायची, मग दुरुस्त करायची, आणि लोकांना शब्द दिल्यावर नको म्हणायचं! घरी बसून तुम्हाला काय, असं मी म्हणाले आणि थांबले. हे चिडले नाहीत. "पुलावर बंद पडली आणि मागून ट्रक आला तर?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यांचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा इतका राग आला.

उसनवारी करून नवा कॉम्प्युटर मागवला. तो येईपर्यंत मुलं रिक्षांतून जायला लागली, काही माझ्या व्हॅनकडे परत आलीच नाहीत. हे गॅरेजात उभे राहिले आणि नवा डबा त्यांनी जमिनीपासून वर, पत्र्याची पट्टी ठोकून बसवून घेतला.

गाडी पुन्हा निघाली त्या सकाळी हे इस्त्रीच्या शर्टात खाली आले आणि माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "आज इंजिन ऐकतो." अकोट्यातल्या पहिल्याच सोसायटीच्या फाटकापाशी दोन मुलींची आई उभी होती. माझी निम्मी मुलं तिच्या शब्दावर आलेली. ती गेली असती तर बाकीचेही गेले असते. मुलींच्या खांद्यांवर हात ठेवून, त्यांना पुढे न सोडता तिने खिडकीतून विचारलं, "गाडीने थयुं शुं हतुं?"

माझं उत्तर तयार होतं. जुनी गाडी, पार्ट गेला, बदलला. पण मी तोंड उघडायच्या आत हे बोलले.

"कॉम्प्युटरमां पाणी गयुं'तुं, बेन. में ज अंदरथी धोई'ती. फॅक्टरी बंद थई गई छे. घरे बेठो छुं, एटले धोई."

फॅक्टरी बंद झाली, घरी बसलोय, म्हणून धुतली. हे वाक्य आमच्या घरात मराठीत कुणी कधी उच्चारलं नव्हतं. मी स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत राहिले.

"हवे नवुं नाख्युं छे ने?" आता नवा घातलाय ना, असं तिने विचारलं.

"हा, नवुं."

"तो तमे रोज साथे आवशो?"

तुम्ही रोज बरोबर येणार का, ह्यावर हे माझ्याकडे बघायला लागले. नाही म्हटलं असतं तर मुली गेल्या असत्या. हो म्हणायचं तर ह्यांना आता कुठल्याही कारखान्यात परत जायचं नाही, हे भर रस्त्यात कबूल करायचं.

"हा बेन," मी म्हणाले. "हवे रोज आवशे."

हे खाली उतरले, आणि मुलींची दप्तरं घ्यायला त्यांनी हात पुढे केले.