पिवळा ट्रे

कोणतीही वस्तू हातात दिली की ताई आधी ती दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढून बघत. पिशवीचे बंद, ओढणीची किनार, देवाच्या फोटोला घालायचा हार, काहीही. एका वर्षी आमच्या इमारतीच्या गणपतीला दिव्यांची नवी माळ आणली होती. ती लावायच्या आधीच त्यांनी ओढली आणि एक दिवा निखळून त्यांच्या हातात आला. मंडळाचे लोक वैतागले. त्या मात्र शांतपणे म्हणाल्या, "आता निघाला ते बरं झालं. मंग निघाला असता तर आरतीत अंधार झाला असता."

चाकणच्या एका कंपनीत त्या फायनल चेकिंगला होत्या. गाडीच्या पोटात वायरींची जी जाडजूड जुडी असते, ती तिथे तयार होते. लाइनवरच्या बायका वायरी बांधतात, टेप गुंडाळतात, टोकाला कनेक्टर बसवतात आणि शेवटी ती जुडी यांच्या टेबलावर येते. एकेक वायर ओढून बघायची. घट्ट बसली असेल तर हिरव्या ट्रेमध्ये, सुटली तर लाल ट्रेमध्ये. आणि नक्की कळत नसेल तर पिवळ्यात. शिफ्ट संपताना साहेब येत आणि पिवळ्यातल्या मालाचा निकाल लावून जात.

चिखलीतल्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर भाड्याने राहायच्या. त्या आणि त्यांची मुलगी निकिता. माणसं लातूरकडची. नवरा होता, पण तो गावी असे आणि त्याचा विषय त्या काढत नसत. इमारतीत सगळे त्यांना चेकिंगवाल्या ताई म्हणत. मी त्यांना ताई म्हणायचे आणि त्याही मला ताईच म्हणायच्या. दोघींनी एकमेकींना ताई म्हणण्यात एक सोय असते, मोठं कोण ते ठरवावं लागत नाही.

कंपनीतले ते तीन ट्रे त्या घरीही घेऊन येत. भाजीवाल्याकडे डाळिंब हातात घ्यायच्या, फिरवून बघायच्या आणि बाजूला ठेवून म्हणायच्या, "हे पिवळ्यात." भाचीला आलेलं स्थळ पिवळ्यात होतं. पाण्याच्या टँकरचं काम कोणाला द्यायचं म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करायला सांगितले, तेव्हा त्यांनी हात अर्ध्यावरच धरला. सेक्रेटरींनी विचारलं, हो समजू की नाही? त्यांनी "पिवळ्यात" म्हटलं आणि सगळी मीटिंग हसली. मीही हसले. साडीच्या दुकानात दोन साड्या मांडीवर घेऊन तासभर बसणारी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. त्यांना हसायला काही लागत नाही.

पण त्या पहिल्यापासून अशा नव्हत्या. एकदा त्यांनी हिरव्यात टाकलेली एक जुडी गिऱ्हाइकाकडून परत आली होती. एक वायर ढिली निघाली. सकाळच्या मीटिंगमध्ये तो पीस हातात देऊन त्यांना सगळ्या लाइनसमोर उभं केलं, फोटो काढला आणि तो बोर्डावर लावला. कॅन्टीनला जायचा रस्ता त्या बोर्डासमोरूनच होता. हे त्यांनी मला एकदा मेथी निवडता निवडता सांगितलं, दुसऱ्या कोणाची हकिकत सांगावी तसं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तवापासून हिरव्यात टाकताना हात थांबतोय बगा."

निकिता मेकॅनिकलचा डिप्लोमा करून बाहेर पडली होती. कॉम्प्युटरवर यंत्राच्या भागांची ड्रॉइंग ती सुरेख काढायची. कॉलेजातल्या सरांनी तिच्यासाठी भोसरीतल्या एका छोट्या डिझाइन ऑफिसात शब्द टाकला. मालकांनी तिला बोलावून काम करून घेतलं, ते आवडलं आणि ये म्हणाले. लॅपटॉप मात्र स्वतःचा आणायचा. छोट्या ऑफिसांत हीच पद्धत असते. पोरगी जिना चढून आधी मला सांगायला आली होती, आईला नंतर. तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

लॅपटॉप घ्यायला ताईंना मी सोबत हवी होते. मी तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी करते. तिथे मी लोकांच्या रजा आणि पगार बघते. पण आयटी पार्क म्हटलं की लोकांना वाटतं, हिला कॉम्प्युटरची नाडी कळते. मी किती वेळा सांगितलं, पण ते नम्रपणात धरलं गेलं. माझ्याकडचा लॅपटॉप कंपनीचा, त्यात बाहेरचं काही टाकता येत नाही, नाहीतर तोच दिला असता.

चिंचवडच्या पहिल्याच दुकानात ताईंचं एका लॅपटॉपवर मन बसलं. पातळ, राखाडी, सबंध धातूचा. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं. "ताई, ह्याला जोडच दिसंना कुठं," त्या जवळजवळ कुजबुजल्या. मग सेल्समनने किंमत सांगितली. तेवढ्या पैशांत शेजारच्या टेबलावरचे तीन आले असते.

म्हणून त्या शेजारच्या टेबलाकडे वळल्या. एकाचा कीबोर्ड मधोमध दाबून बघितला, तो खाली गेला. दुसऱ्याच्या झाकणाचा कोपरा जरा पिळला, तर पडद्यावर लाटा उठल्या. तिसऱ्याच्या चार्जरची पिन ओढायला लागल्या तेव्हा सेल्समन मध्ये पडला. ताई त्याला म्हणाल्या, आमच्याकडं हे लाल ट्रेमध्ये गेलं असतं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "मॅडम, हा गाडीत नाही बसवायचा, टेबलावर ठेवायचाय."

आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो. मी ऑफिसातल्या जाणकार मुलाला विचारलं. तो म्हणाला, ड्रॉइंगसाठी आतली ताकद बघायची, बाहेरच्या खोक्याचं काय एवढं. मधल्या किमतीचा घ्या, चारेक वर्षं बघायला नको. मी ते ताईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "आन चार वर्षांनंतर?"  मग त्याच म्हणाल्या, "आमाला एकदाच घेता येतंय, ताई. एकदाच घ्यायचं तर चुकून कसं चालंल?"

निकिता तिथेच उभी होती. म्हणाली, "मम्मी, मला कुठलाही चालेल."

"चालंल म्हंजे पिवळं," ताई म्हणाल्या.

नंतरचे रविवार असेच गेले. दापोडीत एक जण कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप विकतो असं कळलं, तिथे गेलो. दणकट काळे लॅपटॉप थप्पीने ठेवले होते. दुकानदार छातीवर हात ठेवून सांगत होता की हा कंपनीचा माल आहे, नव्याला मागे टाकेल. ताईंनी विचारलं, मग कंपनीनं काढला का? त्यानं माझ्याकडे बघितलं, मी बाहेर रस्त्याकडे बघितलं. दसऱ्याला सेल होता, तेव्हा कोणीतरी म्हणालं दिवाळीत अजून उतरतील. दिवाळीत सेल्समन म्हणाला की नव्या वर्षात नवं मॉडेल येतंय. त्या रोज कंपनीच्या बसमध्ये शेजारणीला तिच्या फोनवर लोकांची मतं वाचायला लावत. एक लिहायचा उत्तम आहे, दुसरा लिहायचा पैसे पाण्यात गेले. हिरव्यात टाकावा असा एकही सापडत नव्हता, आणि लाल म्हणून सोडून द्यावा असाही नव्हता. कंपनीत संध्याकाळी साहेब यायचे. घरी कोणी येणार नव्हतं, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

भोसरीहून मालकांचे फोन येत होते. निकिता जिन्यात येऊन बोलायची, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. "हो सर, या आठवड्यात घेतोय सर." ते भले गृहस्थ होते, दोनदा थांबले. तिसऱ्यांदा फोन आला नाही. तिच्याच वर्गातल्या एका मुलीला त्यांनी ती जागा दिली होती.

निकिताने हे आईला माझ्यासमोरच सांगितलं. रडली नाही. ताई पोळ्या करत होत्या, त्यांनी गॅस बंद केला आणि विचारलं, "कोणता घेतला तिनं?"

मी त्या वेळी चिडले. लेकीची नोकरी गेली आणि ही बाई काय विचारते आहे, असं वाटलं. नंतर कळलं, त्यांना दुसरं काही विचारताच येत नव्हतं. पुढच्या रविवारी त्या एकट्याच त्या मुलीच्या घरी जाऊन लॅपटॉप बघून आल्या. दापोडीच्या दुकानातला होता. जाड, काळा, एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला. परत येऊन माझ्या दारात बसल्या.  "चांगला चालायलाय, ताई," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या ऑफिसांत निकिता जाऊन आली. तिथे अनुभव विचारत होते. घरात बसून तरी किती दिवस राहणार, म्हणून ती आईच्याच कंपनीत, आईच्याच लाइनला लागली. वायरींना कनेक्टर बसवायचं, टेप गुंडाळायचं काम. सकाळी अंधारात दोघी एकाच बसला उभ्या असायच्या. पहिल्या आठवड्यातच लेकीने बांधलेली जुडी आईच्या टेबलावर आली. ताईंनी मला सांगितलं ते असं, "समद्या वायरी वडून बगितल्या. एक हलंना. इतकं साफ काम म्या लाइनवर बगितलं न्हाई." मी म्हटलं, मग चांगलंच झालं की. त्या म्हणाल्या, "चांगलं न्हाई झालं, ताई. साहेब म्हणले, हिला इथंच पर्मनंट करू."

त्यानंतर त्यांनी तो लॅपटॉप घेतला. तोच, बिनजोडाचा. कोणाला न विचारता, मला न नेता. पैशांचं कसं जमवलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. संध्याकाळी मला खाली बोलावलं. खोका पलंगावर ठेवला होता, अजून उघडला नव्हता. लेकीच्या हातांनी उघडायचा होता.

निकिता शिफ्टवरून आली. हात धुतले. टेपच्या गोंदाने तिची बोटं काळी पडली होती, तो काळेपणा पूर्ण निघत नाही. तिने खोका उघडला, लॅपटॉप चालू केला. त्याने काय काय विचारलं ते शांतपणे भरलं, पासवर्ड टाकला. "छान आहे मम्मी," म्हणाली. मग झाकण मिटलं, दोन पोळ्या खाल्ल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. ती रागात नव्हती हो. रागावली असती, आदळआपट केली असती, तर आम्ही दोघींनी देवाचे आभार मानले असते. ताई चार्जरची वायर हातात घेऊन बसून राहिल्या. मी त्यांना काहीतरी समजुतीचं बोलले असेन. काय बोलले ते आठवत नाही, त्याचा उपयोग होणार नव्हता हे तेव्हाच दिसत होतं.

लॅपटॉप कपाटात गेला. मी निकिताला एकदा गाठून म्हटलं, रविवारी तरी उघड, हात राहू दे. ती हसली. म्हणाली, "काकू, रविवारी ओव्हरटाइम असतो."

वर्षभराने कंपनीत चेकिंगला कॅमेरा आला. जुडी खाली धरली की तो वरून बघतो आणि हिरवा नाहीतर लाल दिवा लावतो. पिवळा त्याच्याकडे नाही. चेकिंगच्या बायका कमी केल्या, त्यात वयाने मोठ्या आधी. ताई घरी बसल्या. निकिता चाकणला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायला गेली, कारण बसचा वेळ वाचतो. आईला तिने चल म्हटलं नाही, राहा असंही म्हटलं नाही. ताईंनी चिखलीची खोली सोडली आणि भावाकडे गावी निघाल्या. सामान टेम्पोत गेलं. लॅपटॉप निकिताने नेला नव्हता. तो त्यांनी साडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता.

आता त्यांच्या खोलीत छत्तीसगडचं एक जोडपं राहतं. बाळ रडतं, कुकरच्या शिट्ट्या होतात, सगळं नीट चाललेलं असतं. जिना उतरताना मी अजूनही त्या दाराकडे बघते आणि मला रोज तितकंच वाईट वाटतं. कोणी वाईट वागलं होतं असं नाही. एका बाईला लेकीसाठी चूक करायची नव्हती, एवढंच.

मध्यंतरी मीच त्यांना फोन केला. पाऊसपाणी, भावाची तब्येत, सगळं झालं. निकिताचा फोन महिन्याकाठी येतो म्हणाल्या, पैसे पाठवते. मग मी लॅपटॉपचं विचारलं. त्या म्हणाल्या, न वापरता ठेवला की बॅटरी मरते असं दुकानदारानं सांगितलं होतं, म्हणून रोज दुपारी चार्ज करून उघडते. उजेड येतो, पासवर्ड मागतो, मग मिटून ठेवते.

मी म्हटलं, "पण पासवर्ड निकिताला विचारा की. तुम्हाला काही बघता तरी येईल."



"न्हाई विचारत," त्या म्हणाल्या. "विचारलं की तिला आठवंल."